निर्वासित कुटुंब येणार आहे: पैसे जमतील, पुढे काय?

कॅनडातल्या मिसिसागात राहणाऱ्या, मूळच्या वसईच्या एका ताईंचा प्रश्न आहे. इरिट्रियातून पळालेलं, सध्या युगांडातल्या कंपालात अडकलेलं पाच जणांचं कुटुंब कॅनडात आणायचं त्यांच्या धर्मग्रामानं (स्थानिक चर्चच्या मंडळीनं) ठरवलं आहे आणि त्या कामाच्या कमिटीवर ताई आहेत. त्या विचारतात: "पैसे जमतील असं वाटतं. पण माणसं प्रत्यक्ष आल्यावर आम्ही नेमकं काय करायचं? ते ख्रिस्ती आहेत, मग आमच्या चर्चमध्ये येतील असं धरून चालायचं का? आणि वर्ष उलटलं तरी नोकरी लागली नाही, तर आम्ही कमी पडलो असं समजायचं का?"

ताई, मी ओंटारियो प्रांतात बरीच वर्षं चर्चगटांबरोबर हेच काम करते आहे, अर्ज भरण्यापासून ते तेराव्या महिन्यापर्यंत. तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते. ते कुटुंब विमानातून उतरेल तेव्हा त्यांच्या आयुष्यातले जवळजवळ सगळे निर्णय तुमच्या कमिटीच्या हातात असतील: घर कुठे, शाळा कुठली, डॉक्टर कोण, आठवड्याला किती खर्च. तुमच्या जबाबदारीचे बारा महिने संपेपर्यंत यातला एकही निर्णय तुमच्या हातात उरता कामा नये. तुम्ही जे जे कराल ते याच कसोटीवर लावून बघा.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण कमिटीतले बरेच जण हे काम दानधर्माच्या खात्यात टाकतात आणि तिथूनच गडबड सुरू होते. कॅनडात नागरिकांच्या गटांना निर्वासितांना आणता येईल ही तरतूद १९७६ च्या इमिग्रेशन कायद्यात आली आणि १९७८ मध्ये तो कायदा लागू झाला. मार्च १९७९ मध्ये सरकारबरोबर पहिला करार केला तो मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मेनोनाइट सेंट्रल कमिटी या संस्थेनं. मेनोनाइटच का पुढे आले? कारण ते स्वतः तसेच आले होते. रशियातली क्रांती, यादवी आणि १९२१-२२ चा दुष्काळ यांत युक्रेनमधल्या त्यांच्या वसाहती उद्ध्वस्त झाल्या. १९२३ पासून १९३० पर्यंत सुमारे वीस हजार मेनोनाइट कॅनडात आले, तेही कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनं उधारीवर दिलेल्या तिकिटांवर. ती उधारी फेडायला समाजाला १९४६ साल उजाडलं. मंदीच्या वर्षांत, पिकं बुडालेली असताना, गावोगावी फिरून पैसे गोळा होत होते. ज्या घरांनी आजोबांच्या तिकिटाचं कर्ज फेडलं, त्याच घरांतली माणसं १९७९ मध्ये व्हिएतनाम, लाओस, कंबोडियाहून येणाऱ्यांसाठी विमानतळावर कोट घेऊन उभी होती. १९७९ आणि १९८० या दोन वर्षांत साठ हजार निर्वासित कॅनडात आले, त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना अशा खासगी गटांनी आणलं. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचं नान्सेन पदक कॅनडाच्या जनतेला मिळालं ते याच कामासाठी. तेव्हापासून आजवर तीन लाखांहून अधिक माणसं या वाटेनं आली आहेत आणि सरकारशी असा करार केलेल्या, म्हणजे करारधारक संस्थांमध्ये बहुतेक आजही चर्चशी जोडलेल्या आहेत: अँग्लिकन, युनायटेड, लुथरन, कॅथलिक, मेनोनाइट.

याची दुसरी बाजूही ठाऊक असू द्या. १९३९ मध्ये सेंट लुइस जहाजावर नऊशेहून अधिक ज्यू निर्वासित होते आणि कॅनडानं त्यांना उतरू दिलं नाही. ख्रिस्ती म्हणवणारा देश होता, चर्च भरलेली होती. २०१८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत त्याची माफी मागितली. मी नव्या गटांना हे मुद्दाम सांगते, म्हणजे आपल्या चांगुलपणाबद्दल बोलताना आवाज थोडा खाली राहतो.

आता कामाचं. तुमचं धर्मग्राम टोरांटो महाधर्मप्रांतात येतं आणि महाधर्मप्रांताचं स्वतःचं निर्वासित कार्यालय आहे, म्हणून तुमचा अर्ज करारधारकाच्या छत्राखाली जाईल. हे बरं आहे. पाच नागरिकांनी किंवा कायमच्या रहिवाशांनी एकत्र येऊन करायच्या अर्जाची जी दुसरी वाट होती, तिथे नव्या अर्जांना नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारनं स्थगिती दिली. करारधारकांनाही दरवर्षी ठरावीकच जागा मिळतात. त्यामुळे अर्ज गेला म्हणजे माणसं आली असं नाही. वाट वर्षांत मोजावी लागते आणि ते तुमच्या फादरांना, देणगीदारांना आणि कंपालातल्या त्या कुटुंबालाही आजच स्पष्ट सांगा. ख्रिसमसपर्यंत येतील अशी घोषणा रविवारच्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) झाली, की पुढचे दोन ख्रिसमस लोक तुम्हालाच विचारत राहतात आणि तिकडे ते कुटुंब सामान विकून बसतं.

या वाट पाहण्याच्या काळात करायच्या दोन गोष्टी सगळ्यांत महत्त्वाच्या आणि दोन्ही कागदाच्या आहेत. पहिली, अर्जात कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव असलं पाहिजे, सोबत येत नसलेल्याचंही. इरिट्रियन कुटुंबांत हे फार होतं. नवरा लिबियाच्या वाटेवर हरवलेला, थोरला मुलगा सुदानमध्ये मागे राहिलेला, किंवा घटस्फोट कागदावर न झालेली पहिली बायको. लोक घाबरून किंवा लाजून नाव सांगत नाहीत. पण नवरा, बायको किंवा अवलंबून असलेलं मूल अर्जात नोंदलेलं असेल, तरच कॅनडात पोचल्यापासून एका वर्षाच्या आत त्यांच्यासाठी सोप्या वाटेनं अर्ज करता येतो. नाव राहून गेलं, तर पुढे त्यांना आणणं अतिशय अवघड होऊन बसतं. भाऊ, बहीण, आईवडील या सवलतीत बसत नाहीत, तेही आधीच सांगा, म्हणजे खोटी आशा राहत नाही. दुसरी गोष्ट, पत्ता बदलला, मूल जन्मलं, लग्न झालं, की लगेच फायलीत कळवायचं. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध भडकलं, तेव्हा खार्टूममध्ये मुलाखतीची वाट बघणारी कितीतरी इरिट्रियन कुटुंबं रातोरात इजिप्त, युगांडा, दक्षिण सुदानकडे पांगली. ज्यांच्या गटानं नवा पत्ता ताबडतोब कळवला, त्यांची फाइल हलत राहिली.

आणि एक ठणकावून सांगायची गोष्ट. कुटुंबाकडून किंवा त्यांच्या इथल्या नातेवाइकांकडून या कामासाठी एक डॉलरही घ्यायचा नाही. निर्वासिताकडून पैसे घेऊन अर्ज करणं नियमानं बंद आहे. कंपालात, नैरोबीत, अदिस अबाबात "चर्चचा फॉर्म मिळवून देतो" म्हणून पैसे उकळणारे दलाल असतात. कुटुंबाला सुरुवातीलाच विचारा, कुणी पैसे मागितले का, आणि मागितले असतील तर महाधर्मप्रांताच्या कार्यालयाला कळवा.

ही माणसं का पळाली हे कमिटीतल्या प्रत्येकाला माहीत हवं, म्हणजे कुणी त्यांनाच खोदून विचारत बसणार नाही. इरिट्रियात राष्ट्रीय सेवा कागदावर अठरा महिन्यांची. इथिओपियाबरोबरच्या १९९८ ते २००० च्या युद्धानंतर ती बेमुदत झाली. चाळिशीतला बाप अजून शिपाईच आहे, घरी कधी सुटेल ठाऊक नाही, पगार हातखर्चापुरता. २००२ पासून सरकारनं चारच धर्मसंस्थांना मान्यता ठेवली: ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, लुथरन आणि सुन्नी इस्लाम. पेंटेकोस्टल आणि इतर पंथांची माणसं प्रार्थनेसाठी जमली म्हणून तुरुंगात गेली, काही तर वर्षानुवर्षं खटल्याविना.

आता घराबद्दल. माणसं यायच्या आधी वर्षभराचा भाडेकरार करून, सोफे-पडदे लावून घर सजवण्याचा मोह आवरा. येण्याची तारीख कधीकधी दोन आठवडे आधी कळते, आणि रिकाम्या घराचं भाडं भरण्यात तुमचा निधी वाहून जातो. पहिले काही आठवडे धर्मग्रामातल्या एखाद्या घराचं तळघर किंवा छोटा फ्लॅट तात्पुरता ठेवा आणि कायमचं घर कुटुंबाबरोबर फिरून निवडा. बस कुठे थांबते, टिग्रिन्या ही त्यांची भाषा बोलणारं दुकान किती लांब, हे त्यांना तुमच्यापेक्षा महत्त्वाचं वाटेल. घरमालक क्रेडिटचा इतिहास मागेल, तो त्यांच्याकडे नसणार, म्हणून कमिटीतल्या कुणाला तरी हमीदार व्हावं लागेल. ओंटारियोत घरमालकाला आगाऊ म्हणून शेवटच्या महिन्याचं भाडं घेता येतं, मोडतोडीची अनामत मागता येत नाही. सहा महिन्यांचं भाडं एकरकमी मागणारे भेटतात. नम्रपणे नाही म्हणा आणि पुढचं घर बघा.

विमानतळावर चार माणसं पुरेत. फुगे, बॅनर, फेसबुकवर लाइव्ह, यांतलं काहीही नको. तीस तासांचा प्रवास करून, हातात आयओएमची (आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची) प्लास्टिकची पिशवी धरून ती माणसं बाहेर येतात. त्या पिशवीत त्यांच्या आयुष्याचे सगळे कागद असतात. ती पिशवी मदत म्हणूनसुद्धा त्यांच्या हातातून घेऊ नका. फोटो मुळीच काढू नका. मागे राहिलेल्या भावाला तिकडे पोलिसांनी उचलण्यासाठी एक फोटो पुरतो. ही गुप्तता वर्षभर पाळायची आहे. धर्मग्रामाच्या पत्रकात नाव, गाव, फोटो द्यायचा नाही. घरी जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस तपासणी झालेली असावी. आपल्याकडे सेंट व्हिन्सेंट डी पॉल या कॅथलिक सेवासंस्थेचे सभासद नेहमी जोडीनं घरभेटीला जातात, तीच पद्धत इथे ठेवा. एकट्यादुकट्यानं जाऊ नये आणि फोन न करता तर कुणीच जाऊ नये. किल्ली तुमच्याकडे असेल तर पहिल्याच दिवशी त्यांना देऊन टाका.

पहिल्या दोन आठवड्यांत कामांची झुंबड असते: सोशल इन्शुरन्स नंबर, बँकेत खातं, ओहिप (प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचं) कार्ड, मुलांची शाळा, बालभत्त्याचा अर्ज, इंग्रजीची चाचणी आणि मग लिंकचे, म्हणजे नवागतांसाठीचे इंग्रजीचे वर्ग. ते विमानतळावरच कायमचे रहिवासी होतात, म्हणून ही कामं अडत नाहीत. फक्त प्रत्येक ठिकाणी दीड तास बसावं लागतं. केंद्र सरकारची अंतरिम आरोग्य योजना औषधं, चष्मा, दातांचा काही खर्च उचलते, पण ती घेणारा दंतवैद्य आधी शोधून ठेवावा लागतो. बालभत्त्याबद्दल एक सांगते, कारण त्यानं घरातली गणितं बदलतात. घरात आई असेल तर सर्वसाधारणपणे ती मुलांना सांभाळते असं धरून पैसे तिच्या नावानं येतात. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या खात्यात रक्कम आलेली बाई मी अनेकदा पाहिली आहे. बँकेत तिच्याबरोबर जाताना तिला पुढे बसवा आणि कार्डाचा पिन तिला स्वतःला टाकू द्या. कमिटीतल्या कुणाला तो माहीत नसावा.

पैशांबद्दल बहुतेक कमिट्या अडखळतात ती जमवताना नव्हे, देताना. महिन्याची रक्कम ठरावीक तारखेला सरळ त्यांच्या खात्यात जमा करा. किराणा दुकानाची कूपनं, पावत्या दाखवण्याची अट, "या महिन्यात जरा जास्त खर्च झाला नाही का" ही चौकशी, हे सगळं बंद. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हमखास असं होतं की घरात मोठा टीव्ही येतो, किंवा कळतं की त्यांनी दोनशे डॉलर युगांडाला पाठवले, आणि कमिटीच्या बैठकीत तासभर त्यावर खल चालतो. ताई, पहिली नोकरी लागल्यावर आपणही घरी मनीऑर्डर केलीच होती. कंपालात मागे राहिलेली बहीण त्या दोनशे डॉलरवर महिना काढते आहे. ते पाठवू नका म्हणणं म्हणजे जिवावर उदार होऊन तुम्हाला इथवर पोचवणाऱ्यांना विसरा असं म्हणणं आहे. अंदाजपत्रक कसं मांडायचं, वीजबिल न भरल्यास काय होतं, हे जरूर शिकवा. एकदा बसून, दुभाष्यासह, आकडे मांडून शिकवा. नंतर निर्णय त्यांचा.

प्रवासाचं कर्ज मात्र कमिटीनं आधीच ध्यानात घ्यावं. तिकिटं आणि वैद्यकीय तपासणी यांसाठी सरकार कर्ज देतं आणि पाच माणसांचं मिळून ते काही हजार डॉलर होतं. २०१८ पासून त्यावर व्याज नाही आणि परतफेड आल्यानंतर वर्षभरानं सुरू होते. म्हणजे तुमचा आधार थांबतो त्याच सुमाराला हप्ता सुरू. मेनोनाइटांच्या रेल्वे-उधारीचं मी वर सांगितलं ते उगाच नाही. अनेक धर्मग्रामं हे कर्ज फेडायला वेगळा निधी बाजूला ठेवतात. माझ्या मते सोफा-टेबलांवर खर्च करण्यापेक्षा हा खर्च शहाणपणाचा आहे. फर्निचर व्हिन्सेंट डी पॉलकडून मिळतं, कर्ज कुणी वापरून झालेलं देत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ते ख्रिस्ती आहेत हे खरं, पण कुठल्या चर्चचे हे आधी विचारा. इरिट्रियातले बहुसंख्य ख्रिस्ती ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चचे आहेत. कॅथलिक असले तरी त्यांची उपासना गीझ भाषेतल्या पूर्वेकडच्या विधीनं होते. तुमच्या इंग्रजी मिस्सात ते पाहुणेच असतील.

एका गटानं पंचवीस डिसेंबरला मोठ्या प्रेमानं आख्खा भाजलेला टर्की, लोणी घातलेले बटाटे आणि केक अशा एका कुटुंबाच्या घरी नेला. मी त्या दिवशी तिथे होते. आईनं दोन्ही हातांनी ट्रे घेतला, टेबलावर ठेवला, सगळ्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः स्वयंपाकघरात गेली. मुलं ट्रेकडे बघत होती आणि मग आईकडे. कुणी हात लावला नाही. गटातल्या आजींना वाटलं, चव आवडली नसेल. खरं असं होतं की त्यांचा नाताळ सात जानेवारीला असतो आणि त्याआधीचे चाळीसहून अधिक दिवस उपवासाचे: मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही. वर्षातल्या बहुतेक बुधवारी आणि शुक्रवारीही तसंच. थोड्या वेळानं ती बाई शिरोचं भांडं घेऊन बाहेर आली. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं घट्ट, लालजर्द कालवण, आपल्या पिठल्याची सख्खी बहीण. सगळे जमिनीवर एका ताटाभोवती बसले, त्या आजीसुद्धा, गुडघे दुखत असताना. टर्की फ्रीझरमध्ये गेला आणि सात जानेवारीला निघाला.

त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा यजमान कोण होतं हे बघा. म्हणून मी प्रत्येक गटाला सांगते, इरिट्रियन घरात कॉफीला बोलावलं तर जा आणि वेळ काढून जा. हिरव्या बिया तव्यावर तुमच्यासमोर भाजल्या जातात, त्यांचा धूर हातानं तुमच्याकडे वळवला जातो, मग कुटणं, मग मातीच्या जेबेनात उकळणं, आणि तीन फेऱ्या. पहिल्याच कपावर उठून "आम्हाला घाई आहे" म्हणणं हा तिकडे अपमान आहे. जाताना आहेर, जुने कपडे, फॉर्म असलं काही नेऊ नका. रिकाम्या हातानं जा, पाहुणे म्हणून बसा.

चर्चला येण्याबद्दल माझं मत ठाम आहे: बोलावूसुद्धा नका, निदान पहिले सहा महिने. त्यांच्या चर्चचा पत्ता शोधून द्या, तिथवर नेऊन सोडा. टोरांटोत टिग्रिन्या बोलणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत. पुढे ते आपणहून तुमच्याकडे आले तर आनंद माना. तुमच्या कमिटीला पुढल्या खेपेला सीरियन किंवा अफगाण मुसलमान कुटुंब मिळू शकतं, तेव्हाही हाच नियम, फक्त तेव्हा मशिदीचा पत्ता शोधायचा आणि हलाल मांसाचं दुकान.

हा प्रश्न आपल्या मराठी माणसांना नवा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे मोठे लोक सल्लागार होते. १८९३ मध्ये ते बाजूला झाले, कारण सदनातल्या विधवा मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत असा आक्षेप होता. रमाबाईंची बाजू अशी की मी कुणाला सक्ती करत नाही, माझ्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडं असतं एवढंच. मला रमाबाईंबद्दल अपार आदर आहे. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत त्यांचं नाव आजीच्या नावासारखं घेतलं जातं. त्यांचा प्रामाणिकपणा मला पूर्ण मान्य आहे. पण ज्याच्या हाती माझं अन्न आणि छप्पर आहे, त्याचं उघडं दारसुद्धा मला बोलावणं वाटू शकतं. तुमची कमिटी या कुटुंबाचं भाडं भरते. तुम्ही सहज म्हणालात की "रविवारी या ना," तर दुभाष्याच्या तोंडून ते जवळजवळ आज्ञेसारखं पोचतं. मत्तयच्या शुभवर्तमानातला परक्याला घरात घेण्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. त्यात त्या परक्याचा धर्म कुणी विचारलेला नाही, आणि घरात घेतल्यानंतर तो प्रार्थनेला बसला की नाही याचीही नोंद नाही.

दुभाष्याबद्दल एक कडक सूचना. शाळेत जाणारं मूल आठवडाभरात आईबापांपेक्षा जास्त इंग्रजी बोलू लागतं आणि सगळे सोयीसाठी त्यालाच पुढे करतात. बँकेत एकवेळ चालेल. डॉक्टरकडे, शाळेतल्या तक्रारीसाठी, वकिलाकडे कधीच नाही. तुरुंगात किंवा पळण्याच्या वाटेवर सिनाईच्या वाळवंटात आईबरोबर काय घडलं हे दहा वर्षांच्या मुलीनं तिसऱ्या माणसाला सांगायचं नसतं. त्याच समाजातला ओळखीचा माणूसही नको, गोष्ट पसरते. दवाखान्यात व्यावसायिक दुभाष्या मागा, अनेक ठिकाणी तो फोनवर मिळतो. झोप न लागणं, गणवेशातला माणूस दिसला की थिजून जाणं, मुलाचं अंथरूण ओलं करणं, हे दिसलं तर प्रार्थना आणि धीर यांवर थांबू नका. छळ सोसलेल्या माणसांसाठी टोरांटोत कॅनेडियन सेंटर फॉर व्हिक्टिम्स ऑफ टॉर्चर ही संस्था १९७७ पासून काम करते, तिच्याकडे न्या. आणि त्यांची कहाणी त्यांनी आपणहून सांगितली तर ऐका, विचारू नका. देणगीदारांसमोर साक्ष द्यायला तर त्यांना कधीही उभं करू नका, कितीही निधी जमणार असला तरी.

आता तेरावा महिना. तुमची जबाबदारी बारा महिन्यांची, किंवा कुटुंब त्याआधी स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर तितक्याच दिवसांची. खासगी गटांनी आणलेल्या निर्वासितांना सुरुवातीच्या वर्षांत नोकऱ्या लवकर लागतात असं इथल्या सरकारी आकडेवारीत दिसतं आणि त्याचं कारण सोपं आहे: तुमच्या धर्मग्रामात कुणाचं बेकरीचं दुकान असतं, कुणी गोदामात सुपरवायझर असतो. पण लवकर लागलेली नोकरी नेहमीच चांगली नोकरी नसते. तिकडे शिक्षक असलेल्या बापाला तिसऱ्या महिन्यात रात्रपाळीच्या गोदामात लावलं की त्याचे इंग्रजीचे वर्ग सुटतात आणि पाच वर्षांनी तो त्याच गोदामात असतो. तीन लहान मुलं असतील तर आईला दुसऱ्या वर्षापर्यंत वर्गालाही जाता येत नाही. म्हणून वर्षअखेर नोकरी नसणं म्हणजे तुमचं किंवा त्यांचं अपयश धरू नका. तेराव्या महिन्यात ओंटारियो वर्क्सचा, म्हणजे प्रांताच्या सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज करणं हा त्यांचा हक्क आहे, त्यानं त्यांच्या रहिवासी दर्जाला बाध येत नाही. फक्त हा अर्ज अकराव्या महिन्यात त्यांच्याबरोबर बसून समजून घ्या, शेवटच्या आठवड्यात नको. "आपल्या चर्चनं आणलेले लोक सरकारी मदतीवर गेले" असं कुजबुजणारं कुणी ना कुणी असतंच. आजारपण, बेकारी, बाळंतपण यांत आपण सगळेच त्या व्यवस्थेवर विसंबतो, हे त्यांना फादरांनी सांगितलं तर लवकर पटतं.

नवव्या महिन्यापासून हात हळूहळू काढायला लागा. शाळेचा फोन तुम्हाला येत असेल तर शाळेला सांगून तो आईच्या नंबरवर वळवा. डॉक्टरची वेळ त्यांना घेऊ द्या, चुकली तर चुकू दे. बसनं जाऊ द्या, सारखी गाडी काढू नका. याचा सगळ्यांत जास्त त्रास तुमच्या सर्वांत चांगल्या स्वयंसेवकाला होईल, जिनं वर्षभर जीव लावला आहे. तिच्याशी कमिटीनं वेगळं बोलायला हवं. मैत्री राहू शकते, अनेकदा राहतेच, पण ती त्या कुटुंबानं ठरवायची. काही कुटुंबं वर्ष संपताच नातेवाइकांजवळ एडमंटन किंवा कॅलगरीला निघून जातात आणि फोनही करत नाहीत. ते कृतघ्न नाहीत. ज्यांच्याकडे वर्षभर मिंधं राहावं लागलं, त्यांच्यापासून थोडं लांब जावंसं वाटणं माणसाला साहजिक आहे.

तुमच्या पत्रात नव्हतं, पण तुमच्या रविवारच्या रांगेत बसलेल्या कुणीतरी विचारेल म्हणून सांगते. जे लोक विमानतळावर किंवा सीमेवर येऊन आश्रय मागतात, त्यांची वाट वेगळी. त्यांच्यासाठी आधीपासून कुठलाही गट उभा नसतो आणि सुनावणी होईपर्यंत त्यांचा दर्जा अधांतरी असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात टोरांटोतले निवारे भरल्यामुळे आफ्रिकेतून आलेले आश्रयार्थी पीटर स्ट्रीटवर फुटपाथवर झोपत होते, तेव्हा रिव्हायव्हलटाइम टॅबरनॅकल आणि डोमिनियन चर्च इंटरनॅशनल या कृष्णवर्णीयांच्या चर्चनी आपली सभागृहं उघडून शेकडो जणांची सोय केली. ना करार, ना बारा महिन्यांचं नियोजन. धर्मग्रामातल्या तरुणांना लगेच काही करायचं असेल, तर अर्जाची वाट पाहत न बसता अशा आश्रयार्थींना सुनावणीच्या दिवशी सोबत करणं, वकिलाकडे नेणं, मुलांना शाळेत घालणं ही कामं आजही पडलेली आहेत.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी माझी सूचना: निधीचा विषय शेवटी घ्या. आधी कंपालाला फोन लावा, दुभाष्यासह, आणि त्या कुटुंबालाच विचारा. कुठल्या चर्चचे, कोण मागे राहिलं आहे, कुणाला काय आजार, मुलांची शाळा किती झाली, बाप काय काम करायचा, आईला काय करायचं आहे. तुमच्याबद्दलही त्यांना सांगा: तुम्ही कोण, किती महिने काय देऊ शकता, काय देऊ शकणार नाही. हे लिहून त्यांच्या भाषेत त्यांना पाठवा. महाधर्मप्रांताच्या कार्यालयाला सेटलमेंट प्लॅन (कुटुंबाला इथे कसं स्थिरावणार याची योजना) लागेलच, तो या फोननंतर लिहा. रेफ्युजी स्पॉन्सरशिप ट्रेनिंग प्रोग्रॅम ही या कामाचं प्रशिक्षण देणारी सरकारी निधीवरची योजना आहे, तिचे वर्ग मोफत असतात. कमिटीतल्या निदान तिघांनी हे वर्ग अर्ज पाठवण्याआधी करावेत आणि त्या तिघांत खजिनदार नक्की असावा.